बिनगिलाव्याच्या दोन इगर्जी

गोव्यातल्या आमच्या कुंडईच्या घराची मागची भिंत अजून उघडीच आहे, म्हणजे नुसते जांभ्याचे चिरे दिसतात. बाबांनी घर बांधलं तेव्हा पुढचा गिलावा झाला, दोन्ही कुशींचा झाला, आणि मागे पोचेपर्यंत पैसे संपले, मग पुढच्या वर्षी करू म्हणाले आणि ते पुढचं वर्ष काही आलं नाही. आता बाबाही नाहीत. भिंत आहे. दर पावसाळ्यात आई तिला झावळ्या बांधून घेते, तरी खालच्या दोन थरांचे चिरे इतके खाल्ले गेलेत की बोट घालून उकरलं तर तांबडी माती हातात येते.

हे एवढं घरगुती सांगायचं कारण म्हणजे फ्लॉरेन्स. होय, इटलीतलं.

भाचा बोलोन्याला शिकायला आहे. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, दोन वर्षं म्हणतेय की तू तरी जाऊन ये, पोरगा नीट जेवतो की नाही बघ. तर मे महिन्यात गेलो एकदाचा. पोरगा नीट जेवतो, माझ्यापेक्षा जास्त जेवतो. पण मला तिथे एकच गोष्ट बघायची होती आणि ती त्याला सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रोमला जाऊन बसस्टँड बघायचाय असं म्हटलंय. मला सान लोरेंझोची बासिलिका, म्हणजे तिथली एक जुनी इगर्ज (चर्च), बघायची होती. "मामा, फ्लॉरेन्सला जाऊन लोक दुओमो बघतात, डेव्हिड बघतात," तो म्हणाला. दुओमो म्हणजे तिथलं मुख्य कॅथेड्रल, डेव्हिड म्हणजे मायकेलअँजेलोचा पुतळा. म्हटलं बघू ना ते पण, पण आधी हे.

का, तर त्याला कारण आपल्या ओल्ड गोव्यात आहे.

आमच्याकडून बाणस्तारीचा पूल ओलांडला की ओल्ड गोवा आलंच. ३ डिसेंबरला सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, आणि आम्ही हिंदू असलो तरी आई आम्हाला दरवर्षी न्यायची, मेणबत्ती लावायची आणि मग खाजें आणि चणे घेऊन परत. ज्या पोर्तुगिजांमुळे कुठ्ठाळीचा मंगेश रात्रीतून नदीपलीकडे आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, आणावा लागला त्यांच्याच काळातल्या साधूपुढे आई हात जोडते, यात तिला कधी काही विचित्र वाटलं नाही, आणि तिला विचारायची माझी कधी छाती झाली नाही. तर ओल्ड गोव्याच्या बोम जेझू इगर्जीत आत शिरल्यावर उजव्या अंगाला ज्या चबुतऱ्यावर सायबाच्या शवाची चांदीची पेटी ठेवलीय, तो चबुतरा तुम्ही नीट बघितलाय का कधी? सगळेजण मान वर करून पेटीकडे बघतात. पेटी आपल्या इथल्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली, ती अप्रतिमच आहे, पण खालचा चबुतरा गोव्याचा नाहीच. तांबडसर जास्पर, रंगीत संगमरवर, चार बाजूंना सायबाच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले चार ब्राँझचे पत्रे. हे सगळं फ्लॉरेन्सहून आलं. टस्कनीचा ग्रँड ड्यूक, म्हणजे फ्लॉरेन्सच्या मुलखाचा राज्यकर्ता, कॉझिमो तिसरा, मेदिची घराण्यातला, त्याने पाठवलं, त्याच्या दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने ते घडवलं, घडवायला दहा वर्षं लागली म्हणतात, आणि सुट्या भागांत जहाजाने येऊन १६९८ मध्ये इथे जुळवलं गेलं. जुळवायला फ्लॉरेन्सहूनच प्लाचिदो रांपोनी नावाचा कारागीर सोबत आला होता. ड्यूकला बदल्यात काय मिळालं, तर सायबाच्या डोक्याखाली ठेवलेली उशी, अशी गोष्ट सांगतात.

शाळेच्या सहलीला सरांनी आम्हाला "इटलीच्या राजाने पाठवला" एवढंच सांगितलेलं. तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता हे मला खूप उशिरा कळलं. आणि मग हेही कळलं की हा कॉझिमो तिसरा स्वतः जिथे पुरलाय ती जागा म्हणजे सान लोरेंझो, मेदिचींची घरची इगर्ज, त्यांचं कुलदैवतच म्हणा ना. म्हणजे ज्याने आमच्याकडे थडगं पाठवलं त्याचं स्वतःचं थडगं कसं आहे ते मला बघायचं होतं. एवढंच. थोडं विचित्र आहे, मान्य.

स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. वाटेत चामड्याच्या पट्ट्यांची, पर्सांची दुकानं, रस्त्यावर मांडलेली, अगदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी गर्दी आणि तसेच हाक मारणारे विक्रेते. आणि गल्ली संपते तिथे एकदम समोर ती.

भाच्याची पहिली प्रतिक्रिया: "मामा, हें अर्दें उरलां मरे."

खरंच तसं दिसतं. फ्लॉरेन्समधल्या बाकी बऱ्याच मोठ्या इगर्जी पांढऱ्या-हिरव्या संगमरवराने मढवलेल्या, आणि ही समोरून नुसता तपकिरी ओबडधोबड दगड, थरावर थर, मधेमधे दगडांच्या कडा बाहेर आलेल्या, कुणीतरी वरून मढवायला येणार होतं आणि आलंच नाही अशा. मी फोटो काढून तिथल्या तिथे आईला पाठवला. तिचा लगेच व्हॉईस मेसेज, "हें अजून बांदतात मरे?" पाचशे वर्षं झाली, आई, अजून बांधतायत.

तर झालं असं की १५१६ मध्ये पोप होता लिओ दहावा, तो मूळचा जोव्हान्नी दे मेदिची, इथलाच पोरगा. त्याला वाटलं की आपल्या घरच्या इगर्जीला दर्शनी बाजू नाही हे काही बरोबर नाही, आणि त्याने काम दिलं मायकेलअँजेलोला. साहेबांनी मग लाकडाचं मॉडेल केलं, ते आजही तिथल्या कासा बुओनारोत्ती नावाच्या म्युझियममध्ये ठेवलंय, आणि पत्रात लिहिलं की हे काम म्हणजे अख्ख्या इटलीच्या वास्तुकलेचा आणि शिल्पकलेचा आरसा होईल. जानेवारी १५१८ मध्ये करार, ४०,००० डुकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, आठ वर्षांत पूर्ण. दगड कुठून आणायचा त्यावरून घोळ, साहेबांना कारारातला हवा, पोपला सेराव्हेत्सा-पिएत्रासांताकडच्या नव्या खाणीतला, मग जगातला सगळ्यात मोठा शिल्पकार खाणीकडे जाणारे रस्ते बांधून घेत बसला. दोन वर्षं गेली. आणि १५२० मध्ये पोपने करार मोडला. संपलं. मायकेलअँजेलो त्यावर किती चिडला असेल ते ज्याने कुणी कधी घराचं काम काढून कॉन्ट्रॅक्टर बदललाय त्यालाच कळेल. नंतर कुणालातरी वाटलंच की आपण करूया, पण कुणी केलं नाही. आतल्या बाजूने मात्र दारावर त्याने एक छोटी बाल्कनी केलीय, पवित्र अवशेष लोकांना दाखवण्यासाठी, ती झाली.

मला ते बघून इतकं हसू आलं. पोपच्याही घरची मागची भिंत राहिलेली. इथे पुढची राहिली एवढाच फरक.

इगर्ज खूप जुनी. सन ३९३ मध्ये मिलानच्या बिशप सेंट अँब्रोजने इथे पहिली इगर्ज उघडली, आणि पुढे सुमारे तीनशे वर्षं हेच फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल होतं, दुओमोचा तेव्हा पत्ताही नव्हता. अकराव्या शतकात पुन्हा बांधली, १०५९ मध्ये पुन्हा उघडली. लोरेंझो कोण, तर रोमचा सेंट लॉरेन्स, २५८ मध्ये त्याला जाळीवर भाजून मारलं म्हणतात. त्याच्याकडे इगर्जीचा खजिना मागितला तर तो गावचे सगळे गोरगरीब घेऊन आला आणि म्हणाला हा घ्या खजिना. आणि मरताना म्हणे "ही बाजू झाली, आता उलटा" असं म्हणाला. म्हणून तो आचाऱ्यांचा संरक्षक. आपल्या आगशीची इगर्ज पण याच सां लोरेन्सोची, आणि आगशी कशासाठी प्रसिद्ध तर चोरिसांसाठी, म्हणजे आपल्या मसालेदार डुकराच्या सॉसेजसाठी, तर हा योगायोग मी भाच्याला सांगितला आणि तो इतका मोठ्याने हसला की शेजारची बाई वळून बघायला लागली. दोन्हीकडे फेस्त १० ऑगस्टला. तिकडे त्या दिवशी चौकात लोकांना लाझान्या आणि कलिंगड फुकट वाटतात.

आत शिरलो आणि बाहेरचा तो सगळा ओबडधोबडपणा एकदम विसरायला झाला. काय शांत आहे आतून. पांढऱ्या भिंती आणि राखाडी दगड, बस. फार सोनं नाही, फार चित्रं नाहीत, आपल्या इगर्जीत आल्तारावर, म्हणजे वेदीवर, जो सोन्याचा मुलामा डोळ्यांवर येतो तसलं काही नाही. हे काम फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचं, तोच ज्याने दुओमोचा घुमट केला. जोव्हान्नी दि बिच्ची दे मेदिची नावाचा बँकर होता, घराण्याच्या पैशाची सुरुवात त्याच्यापासून, त्याने १४२० च्या आसपास सांगितलं की साक्रिस्टीचा आणि एका चॅपेलचा खर्च मी करतो. साक्रिस्टी म्हणजे पाद्री कपडे बदलतात ती खोली. खोली म्हणायला, पण ती खरंतर घराण्याचं स्मशान करायचं मनात होतं. १४२९ मध्ये तो गेला आणि तिथेच, खोलीच्या मधोमध संगमरवरी टेबलाखाली, बायकोसोबत. पाद्री आजही त्या टेबलापाशी उभे राहून तयार होत असतील तर त्यांना कसं वाटत असेल देव जाणे.

ब्रुनेलेस्कीच्या कामात एक गोष्ट मला बाबांमुळे दिसली. बाबा बांधकामात होते, तर माझी नजर खांबाच्या डोक्यावर जाते आधी. इथे खांब आहेत कोरिंथियन, वर पानापानांचा मुकुट, आणि त्या मुकुटावर थेट कमान नाही बसवलेली, मधे एक चौकोनी ठोकळा ठेवलाय, कोरलेला, आणि मग कमान. पहिल्यांदा बघताना वाटतं की खांब हातभर कमी पडला म्हणून वर ठोकळा सरकवला. पण तसं नाहीये, त्या ठोकळ्याने कमान उंच उचलली जाते आणि खांब जाडा न करता उंची मिळते, आणि रांगेत बघितलं तर सगळं एकाच मापाच्या पटीत पुढे जात राहतं. आल्तारासमोर उभं राहून मागे दरवाज्याकडे बघा, राखाडी रेषा अशा एका बिंदूकडे पळतात की कुणी पट्टीने कागदावर काढल्यासारखं. जमिनीवरच्या रेषाही त्याला साथ देतात. दगडाचं नाव पिएत्रा सेरेना, म्हणजे शांत दगड, फिएझोलेच्या बाजूच्या खाणींतला. नाव अगदी बरोबर ठेवलंय. वरचं छत मात्र चौकटी-चौकटींचं, पांढरं आणि सोनेरी, तेवढी एक हौस.

१४४६ मध्ये ब्रुनेलेस्की गेला तेव्हा काम बरंच राहिलेलं. आधीच १४४२ मध्ये जोव्हान्नीच्या पोराने, मोठ्या कॉझिमोने, उरलेला खर्च उचललेला आणि बदल्यात आल्ताराजवळची सगळी जागा फक्त मेदिचींची असं ठरवून घेतलेलं. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात फरशीवर देणगीदाराचं नाव कोरतात ना, त्याचाच हा मोठा अवतार. १४६४ मध्ये कॉझिमो मेला तेव्हा त्याला पुरलं कुठे, तर आल्तारासमोर बरोबर मधोमध, आणि जमिनीखाली त्याची पेटी एका जाडजूड खांबात आहे जो खालच्या तळघरातून वर येऊन वरच्या इगर्जीला आधार देतो. म्हणजे माणूस अक्षरशः खांब झाला. वर जमिनीत गोल-चौकोनी नक्षी आणि "पातेर पात्रिए", देशाचा पिता, असं नाव. शिल्पकार दोनातेल्लो त्याचा आवडता, तो दोन वर्षांनी गेला, त्यालाही जवळच पुरला. त्याचे दोन ब्राँझचे पुल्पिट, म्हणजे प्रवचनाचे उंच ओटे, मधल्या भागात खांबांवर उभे आहेत, शेवटच्या दिवसांतलं काम, त्यातली माणसं इतकी दाटीवाटीने आणि अस्वस्थ कोरलीयत की तेवढाच भाग त्या शांत इगर्जीत ओरडल्यासारखा वाटतो. मला ते आवडले नाहीत, पण मी दोनदा परत जाऊन बघितले.

जुन्या साक्रिस्टीत एक गंमत आहे जी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आल्ताराच्या वर छोटा घुमट, निळा रंग, त्यावर सोनेरी नक्षत्रं, आणि ती उगाच कुठेही रंगवलेली नाहीत, राशी, सूर्य, चंद्र सगळे जागच्या जागी. अभ्यासकांनी गणित करून सांगितलं की हे फ्लॉरेन्सवरचं जुलै १४४२ मधलं आकाश असावं. का तेच आकाश, यावर भांडणं आहेत. मी भाच्याला म्हटलं कुणाची तरी कुंडली मांडलीय छतावर, आमच्या भटजींना आणलं असतं तर त्यांनी खाली उभं राहून दशा सांगितली असती.

मायकेलअँजेलोचं बाकीचं काम इथे भरपूर आहे, दर्शनी भिंत बुडाली तरी. नवी साक्रिस्टी त्याची, १५२० ते ३४ मधली, तिथे दोन मेदिची ड्यूकांच्या थडग्यांवर पहाट, संध्याकाळ, दिवस आणि रात्र असे चार उघडे देह लोळत पडलेत, आणि रात्रीच्या पायाजवळ घुबड. गर्दी तिथेच असते. मी तिथे पाच मिनिटं उभा राहिलो आणि पुढे सरकलो, इतक्या लोकांच्या मोबाईलांमधून बघायचं तर घरीच बघेन. त्याच्याच खाली एक चिंचोळी खोली आहे, दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, जुना कोळसा ठेवायची. १९७५ मध्ये तिथे भिंतीवरच्या चुन्याखाली कोळशाने काढलेली चित्रं सापडली. १५३० मध्ये मेदिची फ्लॉरेन्सवर परत आले तेव्हा मायकेलअँजेलो विरुद्ध बाजूला होता, म्हणून लपला होता, आणि त्या खोलीत लपून भिंतीवर रेखाटत बसला असं मानतात. २०२३ च्या नोव्हेंबरपासून चार-चार माणसांना पंधरा मिनिटं आत सोडतात. आम्हाला तिकीट मिळालं नाही, महिनाभर आधी बघायला हवं होतं, आणि त्याबद्दल भाचा मला अजून बोलतो. शेजारच्या आवारातून मेदिचींच्या लायब्ररीत जाता येतं, तिचा जिना पण त्याच्याच डोक्यातला, पायऱ्या अशा बाहेर पसरत येतात की घट्ट दह्याचा गोळा ताटात सोडल्यासारखा. आम्मान्नाती नावाच्या वास्तुकाराने १५५९ मध्ये तो प्रत्यक्ष बांधला, आणि लायब्ररी १५७१ मध्ये उघडली. असो.

मी ज्याच्यासाठी आलो होतो ते मागच्या बाजूला, वेगळं दार, वेगळं तिकीट. कापेल्ला देई प्रिंचिपी, राजपुत्रांचं चॅपेल.

आत शिरल्यावर भाच्याने फक्त "बापरे" म्हटलं. आठ कोनांची प्रचंड खोली, घुमट ५९ मीटर उंच, आणि खालपासून वरपर्यंत भिंतीवर एक हात जागा मोकळी नाही, गडद हिरवा, गडद तांबडा, जांभळा, निळा दगड, चकचकीत. पुढच्या इगर्जीत ब्रुनेलेस्कीने पांढरं आणि राखाडी ठेवून जे काही म्हटलं होतं त्याच्या अगदी उलट. खरं सांगायचं तर मला ते सोनाराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं. छाती दडपते. पण जवळ जाऊन बघितल्यावर मत बदललं, निदान अर्धं. खाली सोळा टस्कन गावांची चिन्हं आहेत, आणि ती रंगवलेली नाहीत, दगडाचे पातळ तुकडे कापून एकमेकांना भिडवलेत. लापिस, जास्पर, पोवळं, शिंपला. याला पिएत्रे दुरे म्हणतात, कठीण दगड. लाकडी धनुष्याला लोखंडी तार लावायची, पाण्यातून घासायची पूड सोडत राहायची, आणि तारेने तासन्‌तास घासत काही मिलिमीटर जाडीच्या चकत्यांतून पान, फूल, सिंहाचं शेपूट कापायचं. दोन तुकड्यांमध्ये नख जात नाही, मी बघितलं. बघितलं म्हणजे तिथल्या रखवालदाराने मला लांब व्हायला सांगितलं.

हे चॅपेल १६०४ मध्ये सुरू केलं, ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो पहिला होता तेव्हा. त्यानेच १५८८ मध्ये या दगडकामाची दरबारी कार्यशाळा काढलेली, तीच आज ओपिफिचो म्हणून चालू आहे, दुरुस्तीचं काम करते. म्हणे येशूची जेरुसलेममधली कबर इथे आणून मधोमध ठेवायचा त्यांचा विचार होता. विचार बघा. अर्थात ती काही आली नाही. सहा ग्रँड ड्यूकांच्या पेट्या भिंतीत उभ्या आहेत, प्रत्येक एखाद्या मोटारीएवढी, आणि गंमत म्हणजे त्या रिकाम्या. माणसं खाली तळघरात आहेत. सहांपैकी फक्त दोघांचे पुतळे झाले, बाकी चौघांचे कोनाडे मोकळे. आणि जमिनीची फरशी? ती पूर्ण झाली १९६२ मध्ये. आमचं गोवा मुक्त झालं त्याच्या पुढच्या वर्षी. मेदिचींची गादी १७३७ मध्येच संपली, तरी काम चालू होतं.

आणि सहावी पेटी, कॉझिमो तिसरा. १६७० ते १७२३ गादीवर, भयंकर देवभोळा माणूस. त्याचा पोरगा शेवटचा मेदिची ड्यूक, आणि पोरगी आन्ना मारिया लुईझा शेवटची मेदिची, तिने १७३७ मध्ये करार करून घराण्याची सगळी चित्रं, पुतळे, जवाहीर फ्लॉरेन्समधून हलवायचं नाही अशी अट घातली, म्हणून आज ते सगळं तिथे आहे. तिच्या बापाचा कोनाडा मोकळा. पुतळा नाही. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मला एकदम ओळखीचं काहीतरी दिसलं, तो तांबूस दगड, ते रंगांचं एकावर एक चढणं, ते काळ्या पट्टीत पिवळं. मी भाच्याला म्हटलं, अरे हे तर बोम जेझूत आहे. आणि असणारच, कारण फोज्जिनी १६९४ पासून याच ड्यूकच्या कार्यशाळांचा मुख्य होता, म्हणजे ज्या घराने या भिंती मढवल्या त्याच घराने आमच्या सायबाचा चबुतरा मढवला. फक्त आमचा पूर्ण झाला. दहा वर्षांत. ज्याने तो पाठवला त्याच्या स्वतःच्या थडग्याला पुतळा मिळाला नाही, आणि सहा-सात हजार किलोमीटरवर ज्याला त्याने कधी बघितला नाही अशा साधूचं थडगं मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत जुळलं. भाचा म्हणाला, मामा, डिलिव्हरी झाली म्हणजे बिल संपलं. घरचं काम कुणी पूर्ण करतं का.

परत आल्यावर जुलैत, भर पावसात, ओल्ड गोव्याला गेलो. बोम जेझू तर लहानपणापासून बघतोय, पण यावेळी बाहेर छत्री घेऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदा तिच्याकडे बांधकाम म्हणून बघितलं. १५९४ मध्ये काम सुरू, १६०५ मध्ये उघडली. जांभा दगड, आणि दर्शनी बाजूचे खांब, नक्षी वसईहून आणलेल्या काळ्या दगडाची. अगदी वर आयएचएस, येशूच्या नावाची अक्षरं. आणि गिलावा नाही. तांबडी लालबुंद. पण सान लोरेंझोला गिलावा कधी मिळालाच नाही, आणि बोम जेझूला होता, साडेतीनशे वर्षं होता, चुन्याची पांढरीशुभ्र होती ती. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाला वाटलं की दगड उघडा केला तर जास्त जुनी आणि भारदस्त दिसेल, त्याने गिलावा खरवडून काढला. आणि दिसते भारदस्त, खोटं कशाला बोलू, सगळ्या पोस्टकार्डांवर तीच लाल इगर्ज आहे. पण फ्लॉरेन्सचा तो तपकिरी दगड पाचशे वर्षं उघडा राहू शकतो, तिथे असा पाऊस नाही. आपल्याकडे शंभर-सव्वाशे इंच पाऊस आणि वर जांभा, जो खाणीतून काढला तेव्हा कुदळीने कापता येतो, वाऱ्यावर कडक होतो, पण भोकाभोकांचा, पाणी पितो. बाबा म्हणायचे चिऱ्याला चुन्याचा सदरा लागतोच. काही वर्षांपूर्वी बोम जेझूच्या रेक्टरांनीच, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्रींनीच, मागणी केली होती की गिलावा परत करा नाहीतर इगर्ज विरघळेल, आणि मग पेपरात तज्ज्ञांची भांडणं, लोक म्हणाले आमची लाल इगर्ज पांढरी करू नका. मला पण सवय लालचीच आहे. पण मी आमच्या मागच्या भिंतीत बोट घालून बघितलंय, त्यामुळे मी गिलाव्याच्या बाजूने.

आत गेलो. गाईड एका ग्रुपला सांगत होता की हा चबुतरा रोमच्या पोपने पाठवला. मला सांगावंसं वाटलं, पण त्याच्या पोटावर कशाला पाय द्या. ग्रुप पुढे गेल्यावर मी वाकून खालच्या टप्प्याचा जोड बघितला. तेच. नख जात नाही.

घरी येऊन आईला सगळे फोटो दाखवले. तिला दोनातेल्लोत रस नाही, नक्षत्रांचा घुमट आवडला, आणि रिकाम्या पेट्यांबद्दल ऐकून ती म्हणाली इतका खर्च करून आत माणूसच नाही म्हणजे कमाल आहे. मग सान लोरेंझोच्या त्या उघड्या दर्शनी भिंतीचा फोटो तिने मोठा करून बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, आपल्या भिंतीचं काय झालं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला फोन केला. तो म्हणाला पाऊस जाऊ दे, दिवाळीनंतर बघूया. कुठली दिवाळी ते मी विचारलं नाही.